आधी कागद, मग खुर्ची, मग पैसा; माफी शेवटी – अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
मेरीलंड, व्हर्जिनिया, वॉशिंग्टन आणि लुईझियाना परिसरातल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणी आणि सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

हे पत्र अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दल आहे. ते तुम्हालाच का लिहितोय, हे आधी सांगायला हवं. तुमच्यातले बरेच जण आज आपापल्या वसाहतीच्या घरमालक संघावर, म्हणजे एचओएवर, निवडून आलेले आहेत. कोणी विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी समितीवर आहे, कोणी मोठे देणगीदार आहेत. मुलांची लग्नं जुन्या मळ्यांवरच्या पांढऱ्या खांबांच्या वाड्यांत लागतात. भारतातून आईवडील आले की त्यांना वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन नाहीतर जेफर्सनचं मॉन्टिसेलो, असले जुने मळे दाखवले जातात. ज्या संस्था आणि ज्या जमिनी गुलामांच्या कष्टावर उभ्या राहिल्या, त्यांचा कारभार थोडाथोडा करून तुमच्याकडेही आला आहे. आपले पूर्वज त्या काळी रत्नागिरीत नाहीतर साताऱ्यात होते, हे कबूल. त्यामुळे अपराधाचा प्रश्न तुमच्यापुरता येत नाही. पण मताचा येतो, आणि कपाटाच्या किल्लीचाही येतो.

आणखी एक. १९६५ च्या ज्या इमिग्रेशन कायद्यामुळे आपल्या लोकांना या देशाचं दार उघडलं, तो कायदा नागरी हक्क चळवळीने तापवलेल्या तव्यावरच भाजून निघाला. आणि त्याच्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या लोकांना, गुलाम मुक्त केल्याबद्दल. ती अर्पणपत्रिका छापली गेली तेव्हा मुक्त झालेल्यांसाठी काढलेला फ्रीडमन्स ब्युरो बंद होऊन वर्ष झालं होतं. पुढच्याच वर्षी फ्रीडमन्स बँक साठ हजारांवर ठेवीदारांचे पैसे घेऊन बुडाली. मुक्ती झाली, हिशेब राहिला. तो हिशेब मालकांचे वंशज आणि गुलामांचे वंशज आज समोरासमोर बसून कसा करतात, तो कुठे अडतो आणि का अडतो, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आमचं म्हणणं एका वाक्यात असं: समेटाला क्रम असतो. आधी कागद, मग निर्णयाच्या खुर्च्या, मग पैसा, आणि माफी सगळ्यात शेवटी. बहुतेक संस्था नेमकं उलटं करतात. प्रार्थनासभा, फलक आणि भाषण आधी उरकतात, आणि मग कागद मागणाऱ्यांना 'आता आणखी काय हवं?' असं विचारतात.

तुमच्या अगदी शेजारचं उदाहरण जॉर्जटाऊन विद्यापीठाचं. १९ जून १८३८ रोजी, हे विद्यापीठ चालवणाऱ्या जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाच्या मेरीलंड प्रांताचे प्रमुख टॉमस मुलेडी यांनी एका विक्रीपत्रावर सही केली. २७२ माणसं, किंमत १,१५,००० डॉलर. डोक्यामागे सुमारे ४२३ डॉलर पडले. घेणारे दोघे: लुईझियानाचे माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन आणि जेसी बेटी. २५,००० डॉलर आगाऊ मिळाले, त्यातले १७,००० कॉलेजच्या कर्जात गेले. रोमच्या वरिष्ठांनी परवानगी देताना अटी घातल्या होत्या: कुटुंबं फोडायची नाहीत, त्यांचा धर्माचार चालू ठेवायचा, आणि आलेला पैसा कर्ज फेडायला किंवा रोजच्या खर्चाला वापरायचा नाही. अटी पाळल्या गेल्या नाहीत. मुलेडींना काही काळ युरोपात धाडलं, पुढे ते परत आले आणि विद्यापीठाच्या एका इमारतीला त्यांचं नावही लागलं.

यादीतलं पहिलं नाव आयझॅक, वय ६५. त्याच्यामागे त्याची मुलं, त्यांची मुलं. याद्या, पत्रं, पावत्या हे सगळे कागद हरवले नव्हतेच. ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते, अभ्यासकांनी पाहिले होते, १९९० च्या दशकात त्यातले काही इंटरनेटवरही आले होते. तरीही विद्यापीठाच्या वर्तुळात एक समजूत टिकून होती की लुईझियानात गेलेले ते लोक दलदलीच्या तापाने लवकरच मेले, मागे कोणी उरलं नाही. २०१५ मध्ये रिचर्ड सेलिनी या माजी विद्यार्थ्याला ही गोष्ट पटेना. २७२ माणसं अशी नाहीशी होत नसतात. त्यांनी पदरचे पैसे घालून वंशावळ शोधणारे कामाला लावले, आणि काही महिन्यांत जिवंत वंशज सापडायला लागले. विक्रीच्या वेळी १३ वर्षांचा असलेला कॉर्नेलियस हॉकिन्स १९०२ पर्यंत जगला. लुईझियानातल्या मॅरिंग्विन नावाच्या गावात कॅथलिक दफनभूमीत त्याची कबर आहे, आणि त्याच गावात त्याच्या नात्यातली माणसं राहतात. ज्यांनी विकलं त्यांचाच धर्म या लोकांनी पावणेदोनशे वर्षं धरून ठेवला होता, आणि म्हणूनच चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्यांत त्यांचा माग लागला.

हा माग काढायचा कसा, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण समेटाचं निम्मं काम हेच आहे आणि यात घाई केली की पुढचं सगळं तिरकं जातं.

आपल्याकडे कित्येक घरांत कुलवृत्तांत असतो. नसला तरी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांच्या हातची नोंद निघते. (ज्यांच्या घरात असं काहीच निघत नाही, कारण त्यांची नावं कोणी लिहूनच ठेवली नाहीत, अशी घरंही आपल्यात पुष्कळ आहेत. पुढचं त्यांना लगेच कळेल.) काळ्या अमेरिकन कुटुंबांना १८७० ची भिंत लागते. १८७० च्या जनगणनेत दक्षिणेतल्या मुक्त झालेल्या माणसांची नावं आडनावांसकट पहिल्यांदा आली. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनांत गुलामांचे वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचं नाव आणि खाली नुसते आकडे: वय, लिंग, वर्ण. नाव नाही.

म्हणून शोध मागून पुढे नाही, पुढून मागे करायचा. आज जिवंत असलेल्या माणसापासून सुरुवात करून एकेक पिढी कागदाने पक्की करत १८७० ला यायचं. तिथे घर सापडलं की फक्त तेच घर उतरवून घ्यायचं नाही, आधीची दहा आणि नंतरची दहा घरंही घ्यायची, कारण सुटका झाल्यावरही बहुतेक लोक त्याच मळ्याच्या आसपास राहिले आणि शेजारी बहुधा नात्यातले असतात. मग फ्रीडमन्स ब्युरोचे १८६५ ते १८७२ चे मजुरीचे करार, बँकेच्या खातेनोंदी आणि यादवी युद्धात गोऱ्या पलटणींपासून वेगळ्या ठेवलेल्या काळ्या सैनिकांच्या पेन्शनच्या फायली. बँकेच्या नोंदीत खातेदाराला आईबाप, भावंडं, जुना मालक असं सगळं विचारलेलं असतं. पेन्शनच्या फायली तर सोन्याच्या: विधवेला लग्न सिद्ध करायचं असे, त्यासाठी मळ्यावरच्या चार माणसांच्या शपथेवरच्या जबान्या असत. इथपर्यंत आल्यावर मालकाच्या बाजूच्या कागदांत शिरायचं: मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या, गहाणखतं, खटले.

जहाजाने नेलेल्यांसाठी आणखी एक दस्तऐवज आहे. १८०८ नंतर परदेशातून गुलाम आणायला बंदी आली, पण देशातल्या देशात किनाऱ्याने नेताना कप्तानाला यादी द्यावी लागे. त्या छापील फॉर्मचे रकाने बघा: नाव, लिंग, वय, उंची फूट-इंचात, वर्ण, पाठवणाऱ्याचं नाव आणि गाव. १८३८ च्या नोव्हेंबरात अलेक्झांड्रियाहून 'कॅथरिन जॅक्सन' जहाज सुटलं, ६ डिसेंबरला न्यू ऑर्लीन्सला लागलं. त्याची यादी राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहे. पोरांची उंचीसुद्धा इंचात मोजून लिहिलेली आहे. तो रकाना बायकापोरांची काळजी म्हणून ठेवलेला नव्हता. वाटेत माणूस बदलला, पळाला किंवा परदेशातून चोरून आणलेला भरला तर पकडता यावं म्हणून होता. आज तीच उंची दोन सारख्या नावांच्या मुलांत फरक करायला उपयोगी पडते.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली, १८७० चं आडनाव म्हणजे शेवटच्या मालकाचं आडनाव असं धरणं. कित्येकांनी दोन-तीन मालकांपूर्वीचं, आईबापांशी जोडलेलं नाव उचललं होतं. हॉकिन्स हे नाव जॉन्सन किंवा बेटी यांच्यापैकी कोणाचंच नाही, ते मेरीलंडहून आलेलं आहे. दुसरी, वयावर विश्वास. वय लिहिणारा कारकून अंदाजाने ३०, ४०, ५० टाकायचा, त्यामुळे पाच वर्षं इकडेतिकडे धरूनच चालायचं. तिसरी, यादीत नाव आहे म्हणजे माणूस गेलाच असं समजणं. २७२ तले सगळे जहाजावर चढले नाहीत. काही पळाले, काहींचा नवरा किंवा बायको दुसऱ्या मालकाकडे असल्याने मागे राहिले. त्यांचे वंशज आजही मेरीलंडमध्ये, म्हणजे तुमच्या गावात आहेत.

चौथी चूक नवी आहे, ती थुंकीच्या चाचणीची. डीएनए जुळला की नातं सिद्ध झालं आणि नाही जुळला तर नातं नाही, असं लोक धरून बसतात. खापरपणज्याच्या बापापाशी एकत्र येणाऱ्या दोन चुलत भावंडांत जवळजवळ निम्म्या वेळा चाचणीत काहीच जुळत नाही. तेव्हा न जुळणं हा पुरावा नव्हे. जुळणं मात्र बरंच काही उघडं करतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आफ्रिकन-अमेरिकन लोकांत सरासरी सुमारे २४ टक्के वाटा युरोपीय वंशाचा निघाला. त्यातला मोठा भाग मालक, मालकाची मुलं आणि मुकादम यांनी बायकांवर केलेल्या जबरदस्तीचा आहे. म्हणजे समेटाच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेले लोक बऱ्याचदा भाऊबंदच असतात. अशा वेळी गोऱ्या बाजूने 'अरे वा, आपण नातेवाईक!' असा आनंदाचा संदेश पाठवणं हा शुद्ध अडाणीपणा. पहिल्या संदेशात आपलं नाव, आपल्याकडे कोणता कागद आहे आणि हवी असल्यास त्याची प्रत देऊ, एवढंच लिहावं. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहू नये.

मालकांच्या वंशजांकडे काय असतं? पोटमाळ्यावरची पेटी. त्यात घरातलं बायबल, मळ्याची रोजकीर्द, डॉक्टरची बिलं, कापड आणि जोडे वाटल्याच्या याद्या. बायबलच्या कोऱ्या पानांवर घरातल्या जन्ममृत्यूंबरोबर गुलामांच्या मुलांचे जन्मही टिपलेले असतात, कारण ती मालमत्ता होती. जोड्यांच्या यादीत आईच्या नावाखाली पोरांची नावं येतात, आणि तेवढ्यावरून कुटुंब जुळतं. या पेटीला हात लावताना हातमोजे नकोत, स्वच्छ कोरडे हात पुरेत. चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. ६०० डीपीआयने स्कॅन करावं, कोरी पानं आणि मागची बाजूसुद्धा, कडा न कापता, रंगीत. मूळ कागद राज्याच्या किंवा विद्यापीठाच्या दफ्तरखान्यात, स्कॅनची एक प्रत ज्यांची नावं त्यात आहेत त्यांच्या वंशजांना, आणि ती आधी. लिलावाला पाठवू नये. असे कागद आजही लिलावात विकले जातात, आणि मग आपल्याच पणजीचं नाव असलेला कागद विकत घ्यायची पाळी वंशजांवर येते. २०२३ पासून अमेरिकन अँसेस्टर्स या संस्थेचा '१० मिलियन नेम्स' प्रकल्प अशी नावं एकत्र करतो आहे. जॉर्जटाऊनच्या २७२ जणांच्या वंशावळीही याच संस्थेने २०१९ मध्ये सगळ्यांना खुल्या केल्या.

आता खुर्च्या. जॉर्जटाऊनने २०१५ मध्ये अभ्यासगट नेमला, २०१६ मध्ये त्याचा अहवाल आला. अहवाल चांगला होता. पण तो तयार करताना वंशज टेबलाशी नव्हते, आणि जाहीर झाला त्याच दिवशी काही वंशजांनी सभेतच उठून ते बोलून दाखवलं. प्रवेशात वंशजांना माजी विद्यार्थ्यांच्या मुलांइतकं प्राधान्य देऊ, असं विद्यापीठ म्हणालं. प्रवेश मिळेल हो, पण तिथली फी? त्याची तरतूद त्या घोषणेत नव्हती. कोणी एक वंशज खोलीत असता तर हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत आला असता.

व्हर्जिनियात राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्या माँटपेलियर या वाड्यावर हीच गोष्ट उघड्यावर झाली. तिथे गुलाम असलेल्यांच्या वंशजांनी समिती केली. जून २०२१ मध्ये विश्वस्त मंडळाने ठराव केला की अर्धा कारभार वंशजांचा. मार्च २०२२ मध्ये त्याच मंडळाने नियम फिरवले. वाद कशावर होता, तर नावं कोणी सुचवायची यावर. मंडळाचं म्हणणं, आम्ही आमच्या पसंतीचे वंशज निवडतो. समितीचं म्हणणं, आमची माणसं आम्ही देऊ. एप्रिलमध्ये समितीच्या बाजूने बोललेल्या काही वरिष्ठ कर्मचाऱ्यांना काढून टाकलं. देशभरातून सह्या आल्या, वाड्याची मालकी असलेल्या नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेनेही जाहीर नापसंती कळवली, आणि मे महिन्यात समितीच्या यादीतले अकरा जण मंडळावर घ्यावे लागले. मग वंशज समितीचे जेम्स फ्रेंच अध्यक्ष झाले. यातून घ्यायचं ते एवढंच: ठराव पुरेसा नसतो, घटनेत कलम हवं. आणि त्या कलमात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. नावं सुचवण्याचा हक्क वंशजांच्या संघटनेचा. संख्या निम्मी. ते कलम बदलायचं तर वंशजांच्या बाजूचंही बहुमत लागेल. सल्लागार समिती नावाचं जे प्रकरण असतं त्यात तीन वर्षं चहा प्यायला मिळतो, बाकी काही नाही.

तुमच्यातलं कोणी अशा एखाद्या मंडळावर असेल तर मतदानाच्या आधी हे कलम वाचायला मागा. मराठी माणूस सहकारी संस्थेच्या पोटनियमांत मुरलेला असतो, त्याला हे शिकवायची गरज नाही.

पैशाबद्दल सगळ्यात जास्त आवाज होतो आणि सगळ्यात कमी आकडेमोड. एप्रिल २०१९ मध्ये जॉर्जटाऊनच्या विद्यार्थ्यांनी सार्वमत घेतलं: दर सत्राला प्रत्येकाने २७.२० डॉलर द्यायचे. ६६ टक्क्यांनी बाजूने मत दिलं. विद्यापीठाने ती फी लावली नाही. त्याऐवजी वर्षाला ४ लाख डॉलर उभे करून वंशजांच्या वस्त्यांतल्या कामांना देऊ असं ठरवलं. फरक पाहा: फी हा विद्यार्थ्यांनी स्वतःवर घेतलेला बोजा होता, निधी म्हणजे देणगी. देणगीला 'आभारी आहोत' म्हणावं लागतं.

मार्च २०२१ मध्ये जेझुइटांनी वंशजांबरोबर एक प्रतिष्ठान काढून १० कोटी डॉलर उभे करायचं वचन दिलं. पुढचं ध्येय १०० कोटींचं. पुढच्याच वर्षी वंशजांच्या नेत्यांना पैसे हळू येताहेत म्हणून जाहीर तक्रार करावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये जॉर्जटाऊनचे १ कोटी आणि जेझुइटांचे १ कोटी ७० लाख आले. आता हिशेब. असा निधी कायम टिकवायचा तर वर्षाला साधारण ५ टक्केच खर्च करता येतात. २ कोटी ७० लाखांवर ते होतात साडेतेरा लाख. वंशज हजारोंनी आहेत. समजा पाच हजार धरले तर डोक्यामागे २७० डॉलर. म्हणून प्रतिष्ठानाचा भर शिक्षणावर आणि म्हाताऱ्या माणसांच्या मदतीवर आहे, चेक वाटण्यावर नाही. ज्यांना वैयक्तिक भरपाई हवी आहे ते यावर नाराज आहेत आणि त्यांची नाराजी रास्त आहे. विकलं गेलं ते माणसांना, एकेकाला किंमत लावून, आणि परतफेड मात्र 'समाजा'ला. हा वाद मिटलेला नाही. इलिनॉयमधल्या इव्हॅन्स्टन गावाने दुसरी वाट धरली: गांजाच्या विक्रीवरच्या करातून १ कोटी डॉलर बाजूला काढले आणि १९१९ ते १९६९ च्या दरम्यान तिथे घरांच्या भेदभावात सापडलेल्या काळ्या रहिवाशांना व त्यांच्या थेट वंशजांना घरासाठी २५,००० डॉलर. रक्कम ठरलेली, पात्रता कागदावर मोजता येणारी. गावही छोटं आहे, म्हणून जमलं.

माफीबद्दल थोडक्यात. १८ एप्रिल २०१७ रोजी जॉर्जटाऊनमध्ये जेझुइटांच्या वतीने टिमोथी केसिकी यांनी वंशजांसमोर माफी मागितली आणि मुलेडींच्या नावाच्या इमारतीला आयझॅक हॉकिन्सचं नाव दिलं. ती माफी टिकली, कारण तोवर नावं हातात होती: कोणी, कोणाला, किती डॉलरना, आणि पैसे कुठे गेले, हे बोलता आलं. 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' या छापाची माफी न मागितलेली बरी. आणि माफीच्या सभेत क्षमा मागू नये. ती द्यायची की नाही आणि कधी, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

समोरासमोर बसण्याची एक रीत घडवली ती 'कमिंग टू द टेबल' या गटाने, २००६ साली, व्हर्जिनियातल्या ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठात. त्यांचं काम चार पायांवर चालतं: इतिहास उकरणं, नाती जोडणं, जखमा भरणं आणि कृती. माणसं वर्तुळात बसतात, चालवणारे बहुधा दोन, एक काळा आणि एक गोरा. एक वस्तू हातोहात फिरते, ज्याच्या हातात ती वस्तू त्यानेच बोलायचं, मध्ये प्रश्न नाही, नको असेल तर न बोलता पुढे द्यायची. ऐकलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही. बिघडतं ते नेहमीच्या तीन ठिकाणी. गोरा माणूस पणजोबाचं पाप सांगता सांगता रडायला लागतो आणि सगळी खोली त्याचं सांत्वन करण्यात गुंतते. काळ्या माणसाला दर वेळी शिक्षकाच्या खुर्चीत बसवलं जातं. आणि बैठक मळ्याच्या वाड्यावर ठेवली जाते, 'ऐतिहासिक वातावरण' म्हणून; तिथे काहींना आत पाऊल टाकवत नाही. यावर उपाय साधे आहेत: पहिल्या बैठका वाचनालयात किंवा चर्चच्या हॉलमध्ये, प्रवासखर्च संस्थेचा, कामावरून सुट्टी घ्यावी लागली तर त्या दिवसाचा मोबदला, आणि रडू आलं तर वर्तुळ चालवणाऱ्याने वस्तू शांतपणे पुढे सरकवायची.

आता तुमच्या अंगणातलं. अक्षरशः.

लाउडन, फेअरफॅक्स, माँटगोमेरी या काउंट्यांत ज्या शेतांवर तुमच्या वसाहती उभ्या आहेत, त्यातली बरीच शेतं गुलामांनी कसलेली होती. त्यांच्या दफनभूमी नकाशावर क्वचितच असतात. ओळखायच्या खुणा: झाडीच्या उंचवट्यावर, नांगरट टळलेल्या जागी, साधारण सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद असे उथळ खड्डे, पूर्व-पश्चिम. डोक्याशी आणि पायाशी अनघड दगड, त्यावर काही कोरलेलं नसतं. जमिनीलगत पसरलेला निळ्या फुलांचा सदाहरित वेल, युक्काची टोकदार झुडपं, जुने सीडर. असं काही दिसलं तर दगड हलवून एका ढिगात 'नीट' लावू नका. दगड हलला की कबरीची जागा गेली. गवत कापायचं बसायचं यंत्र तिथे नेऊ नका. मुलांना खणू देऊ नका. जागेचे जीपीएस आकडे आणि फोटो घ्या, काउंटीच्या पुरातत्त्व कार्यालयाला आणि व्हर्जिनियात असाल तर रिचमंडच्या ऐतिहासिक संपदा विभागाला कळवा. जमिनीत रडार लावून तपासणी होते, पण ते रडार हाडं दाखवत नाही, खणून भरलेल्या मातीतला फरक दाखवतं, आणि तिथल्या लाल चिकणमातीत ते अडखळतं. तेव्हा एका फेरीत 'काही नाही' आलं म्हणून पार्किंगचा ठराव पास करू नका.

व्हर्जिनियाच्या कायद्याने खासगी जमिनीवरच्या कबरींपर्यंत जायचा हक्क वंशजांना आहे. एचओएच्या फाटकावर कोणी म्हातारी बाई येऊन 'माझी माणसं इथे पुरली आहेत' म्हणाली तर पहारेकऱ्याने पोलीस बोलावू नयेत, हे त्याला आधीच लिहून देण्याचं काम तुमच्या मंडळाचं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने अशा दफनभूमींसाठी वर्षाला ३० लाख डॉलरपर्यंत अनुदानाची तरतूद असलेला कायदा केला. सगळ्या देशाच्या मानाने ही चिमूटभर रक्कम आहे, म्हणून कुंपण, वाट आणि मोजणी यासाठी वसाहतीच्या अंदाजपत्रकात वेगळी ओळ लागेल.

घरांच्या जुन्या खरेदीखतांत 'काळ्यांना विकू नये' अशी कलमं सापडतात. काहींत 'आशियाई' हाही शब्द असतो, म्हणजे तुम्हालाही ते घर मिळालं नसतं. १९४८ पासून ती कोर्टात चालत नाहीत, आणि व्हर्जिनियात २०२० पासून साध्या फॉर्मने ती रद्द करता येतात. जरूर करा, पण आधी त्या पानाची प्रत काढून स्थानिक इतिहास मंडळात द्या.

लग्नाचा वाडा बुक करताना व्यवस्थापकाला पाच गोष्टी विचारा: इथे किती माणसं गुलाम होती, त्यांची नावं कुठे लावली आहेत, दफनभूमी कुठे आहे, भाड्यातला किती भाग तिच्यावर खर्च होतो, आणि वंशजांना कारभारात मत आहे का. पाचही उत्तरं नीट मिळाली तर लग्न लावा. वाड्यामागच्या गुलामांच्या खोल्या 'हनिमून कॉटेज' म्हणून दिल्या जात असतील तर दुसरी जागा बघा. २०२२ मध्ये मिसिसिपीतल्या अशाच एका खोलीच्या जाहिरातीवरून एवढा गदारोळ झाला की एअरबीएनबीने असल्या जागा यादीतून काढल्या.

मंडळाच्या पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्या, 'आयत्या वेळचे विषय' यात नको. त्या बैठकीला किती सभासद एचओएवर, शाळामंडळावर किंवा विद्यापीठाच्या समित्यांवर आहेत याची यादी करा. ज्यांची नावं निघतील त्यांनी आपापल्या संस्थेला एकच पत्र लिहायचं आहे: आपल्याकडे १८७० च्या आधीचे कोणते कागद आहेत, ते कुठल्या कपाटात आहेत, आणि ते पाहायला कोणाची परवानगी लागते? उत्तर लेखी मागा, तीस दिवसांची मुदत द्या. 'कागद नाहीत' असं उत्तर आलं तर जमिनीच्या खरेदीखतांची साखळी काउंटी कोर्टाच्या नोंदणी कार्यालयात बघता येते. तिथे जायला कोणाचीच परवानगी लागत नाही.

कळावे,
दफ्तरखान्यांत आणि वंशावळींच्या कामात असलेले काही मराठी